गावच्या जंगलाचा हिशेब आणि एम.ए.ची निवड

वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यापासून चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील आमच्या गावात तेंदूपत्त्याची विक्री ग्रामसभा स्वतः करते. ७० पानांचे एक पुडके आणि १००० पुडक्यांची एक गोणी, या मापाने मे महिन्यात फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, रोज संध्याकाळी नोंद होते, आणि हंगाम संपल्यावर मजुरी किती, ठेकेदाराकडून आलेली रक्कम किती आणि बोनस किती वाटायचा याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. बी.एस्सी. झाल्यानंतर हे हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना एक प्रश्न सतत मनात राहिला आणि त्याचे उत्तर आमच्या वहीत नव्हते. चांगली पाने यावीत म्हणून हंगामाआधी खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी होते, काही ठिकाणी वणवाही लावला जातो, आणि त्यात मोहाची व इतर झाडांची रोपे जातात. यंदाच्या दरात हे नुकसान कुठेच दिसत नाही. मग ग्रामसभेला तेंदूतून खरोखर किती मिळाले, हे कोणी आणि कसे सांगायचे?

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पद्धतीने दिले आहे. त्या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेंदूपत्ता तोडल्याने झाडाचे नुकसान होते म्हणून तो न विकता बांबूवर भर द्यायचा, असे गावाने ठरवले. मला त्या निर्णयाबद्दल अतिशय आदर आहे. परंतु आमच्या गावात बांबू थोडा आहे, आणि तेंदूचा पैसा धानाच्या हंगामाआधी बियाणे आणि खतासाठी हाती येणारा एकमेव रोख पैसा असतो. त्यामुळे पाचगावचा निर्णय जसाच्या तसा उचलता येत नव्हता. आमच्या परिस्थितीत तो हिशेब मांडायला शिकायचे, या गरजेतून मी पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राकडे वळले. अभ्यासक्रमाची निवडही मी याच प्रश्नाच्या आधारे केली. ती कशी झाली ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्याकडच्या महाविद्यालयांत या विषयाचे नावही क्वचितच ऐकायला मिळते.

सुरुवातीला मी पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे वाचली. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले होते की, सर्वांसाठी खुले असलेले कुरण प्रत्येकाच्या स्वार्थामुळे उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील गावांचा अभ्यास करून दाखवले की, लोक आपापसांत नियम करतात, ते पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवतात, मोडणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक शिक्षा करतात, आणि अशा ठिकाणी सामाईक साधने पिढ्यानपिढ्या टिकतात. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या वाचकाला ऑस्ट्रॉम यांचे म्हणणे समजायला वेळ लागत नाही. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी धानाच्या कोणत्या बांधीला आधी सोडायचे, गेट कोणी उघडायचे, पाटाची साफसफाई कोणी करायची, हे नियम गावाने कधीच कागदावर लिहिले नाहीत, तरी ते सर्वांना पाठ आहेत. जिथे तलावाची मालकी आणि दुरुस्तीची जबाबदारी गावाच्या हातून गेली, तिथे गाळ साचत गेला, हेही आम्ही पाहिले आहे.

वाचन वाढले तसे लक्षात आले की एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या शाखा आहेत, आणि अभ्यासक्रम निवडताना यांतला फरक कळणे फार आवश्यक आहे. पर्यावरणाचे अर्थशास्त्र प्रदूषणापासून सुरू होते: चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराची किंमत वीज वापरणारा भरत नाही, श्वास घेणारा भरतो, मग ती किंमत विजेच्या दरात कशी आणायची? प्रदूषण करणाऱ्यावर कर लावण्याचा पिगू यांचा १९२० सालचा विचार, हक्क ठरवून देऊन आपापसांत तडजोड करू देण्याचा कोस यांचा १९६० सालचा विचार, आणि कर लावावा की प्रदूषणाच्या प्रमाणावर मर्यादा घालावी याबद्दलची वाइट्झमन यांची १९७४ सालची मांडणी हे सारे या शाखेत येते. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्रात काळ हा मुख्य विषय असतो. कोळसा किंवा लोहखनिज आज काढायचे की उद्या, हा प्रश्न हॉटेलिंग यांनी १९३१ साली सोडवला, आणि सागवान किती वर्षांनी तोडावा याचे गणित फाउस्टमन या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ सालीच मांडून ठेवले. तिसरी शाखा परिसरीय अर्थशास्त्राची आहे. संपूर्ण अर्थव्यवस्था ही निसर्गाच्या मर्यादेत बसलेली आहे असे मानून ती बाजाराच्या किमतींवरच शंका घेते. मला तिन्हींची ओढ होती, परंतु माझा प्रश्न दुसऱ्या शाखेतला होता, आणि ज्या अभ्यासक्रमात दुसरी शाखा नाममात्र शिकवली जाते तो माझ्या उपयोगाचा नव्हता.

काळाच्या गणिताला मी इतके महत्त्व का दिले, हे एका उदाहरणाने सांगते. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत काढायची आहे. वटावाचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षासाठी धरायची घट, दरसाल ४ टक्के धरला तर ती सुमारे १४ रुपये येते, आणि १० टक्के धरला तर अवघे ८५ पैसे. जंगल तेच, झाडे तीच, परंतु दर ठरवणाऱ्याने कोणता आकडा निवडला यावर आमच्या नातवंडांच्या वाट्याचा मोह पुसला जातो किंवा राहतो. हा निव्वळ पुस्तकी मुद्दा नाही. वनजमीन खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वळवताना निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या कामानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्याचे दर वनाच्या प्रकारानुसार आणि घनतेनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे ठरवले, आणि ते पुढे वाढवण्यात आले. या आकड्यांत सरपण, डिंक, मोहफुले, चारा आणि पाणी यांचा विचार किती आणि कसा होतो, हे समजून घेणारी आणि ग्रामसभेच्या बाजूने त्यावर प्रश्न विचारू शकणारी माणसे पूर्व विदर्भात हवी आहेत, असे मला मनापासून वाटते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. सुरुवातीचा अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता, तो पुढे कितीतरी हजार कोटींवर गेला, आणि आमच्या भागातील शेतकरी घोडाझरी शाखा कालव्याच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. उशिरा येणाऱ्या पाण्याचीही एक किंमत असते, आणि तीही याच गणिताने मोजली जाते.

यानंतर मी अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिका उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीत ठरावीक गोष्टी शोधल्या. पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र आणि गणित किती खोलवर आहे, अर्थमितीची (आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राची) एकच प्रश्नपत्रिका आहे की पुढचीही आहे, साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र अनिवार्य आहे की ऐच्छिक, आणि शेवटच्या सत्रातील प्रबंध स्वतः गोळा केलेल्या माहितीवर करता येतो का, हे मी पाहत होते. ऐच्छिक विषयाबद्दल एक गोष्ट जाणत्या प्राध्यापकांनी सांगितली, ती फार मोलाची ठरली: पुस्तिकेत दहा ऐच्छिक विषय छापलेले असले तरी त्या वर्षी शिकवणारे प्राध्यापक उपलब्ध असतील आणि पुरेसे विद्यार्थी तो विषय घेतील तरच तो सुरू होतो. म्हणून मी प्रत्येक ठिकाणच्या माजी विद्यार्थ्यांना गाठून, मागील वर्षांत तो विषय प्रत्यक्षात शिकवला गेला का, एवढेच विचारले. पुस्तिकेपेक्षा या उत्तरांतून अधिक कळले.

नावात पर्यावरण असलेले अनेक अभ्यासक्रम चांगले आहेत, परंतु ते अर्थशास्त्राचे नाहीत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात पर्यावरण आणि विकास यांचा समाजशास्त्र, राजकारण आणि परिस्थितिकी अशा अनेक बाजूंनी अभ्यास होतो. ग्रामसभांसोबत काम करायचे असेल तर ती दृष्टी अत्यंत आवश्यक आहे, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तीच वाट निवडली, ती योग्यच निवडली. मला मात्र मोजण्याचे शिक्षण हवे होते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने मेळघाटसह देशातील निवडक व्याघ्र प्रकल्पांचे आर्थिक मूल्यांकन केले आहे, त्यामुळे तिचे आकर्षण होते, परंतु तिथला मुख्य अभ्यासक्रम व्यवस्थापनाचा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील कृषी अर्थशास्त्रासाठी कृषी शाखेची पदवी लागते, आणि माझी पदवी गणिताची होती.

मग राहिल्या अर्थशास्त्राच्या संस्था. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा एम.ए., गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, भारतीय सांख्यिकी संस्थेचा संख्यात्मक अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम, पुण्याची गोखले संस्था आणि चेन्नईची मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अशी ती यादी होती. सांख्यिकी संस्थेकडे माझा ओढा दोन कारणांनी होता. तिथे शिक्षण शुल्क नसते आणि विद्यावेतन मिळते, हे एक. दुसरे कारण तिथल्या ई. सोमनाथन यांचे सहकाऱ्यांबरोबरचे २००९ सालचे संशोधन. उत्तराखंडातील वनपंचायतींनी सांभाळलेली जंगले शासनाने सांभाळलेल्या जंगलांइतकीच टिकली आहेत आणि तीही कितीतरी कमी खर्चात, असे त्यांनी उपग्रहचित्रे आणि खर्चाची आकडेवारी तपासून दाखवले आहे. हे वाचून मला फार आनंद झाला, कारण गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले असताना अशीच तपासणी आपल्याकडेही व्हायला हवी. तिथल्या लेखी परीक्षेचे गणित फार कठीण असते आणि माझी निवड झाली नाही. तरीही त्या परीक्षेसाठी केलेली कलन आणि संभाव्यतेची तयारी पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला आली. गणित नसलेल्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांनी घाबरून हा विषय सोडू नये, असे मला आवर्जून सांगायचे आहे. अर्ज करण्याच्या एक वर्ष आधी बारावीचे कलन आणि आव्यूह (मॅट्रिक्स) पुन्हा हाती घेतले, तर पहिल्या सत्राला तोंड देता येते. मात्र काही संस्था बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट घालतात, ती अट अर्ज भरण्यापूर्वी वाचावी.

परदेशाचा विचार मी थोडाच केला. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन, स्कॉटलंडमधील एडिनबरा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे या विषयाचे नामवंत अभ्यासक्रम आहेत. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, परंतु व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत दाखवावी लागते. नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. जर्मन शिष्यवृत्तीच्या ज्या योजनेत विकासाशी संबंधित अभ्यासक्रम येतात, तीत पदवीनंतर किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात, आणि माझा अनुभव तेवढा नव्हता. शिवाय माझी माहिती, माझी माणसे आणि माझा प्रश्न येथेच होता.

कागदपत्रांना मात्र अपेक्षेपेक्षा अधिक वेळ द्यावा लागला. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे आणि नॉन-क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले चालत नाही, आणि ते चालू आर्थिक वर्षाचे असावे लागते. म्हणून एप्रिलमध्ये, म्हणजे फळीची कामे सुरू होण्याच्या तोंडावर, तहसीलच्या फेऱ्या होतात. त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवलेला बरा. राज्याबाहेर शिकायला गेल्यास राज्याच्या प्रत्येक शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही, हेही आधी तपासावे. शैक्षणिक कर्जाबाबत बाबांना मोठी धास्ती होती. त्यांच्या अनुभवात कर्ज म्हणजे सातबाऱ्यावर बोजा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे बँकेत लेखी दाखवून घेतले तेव्हा त्यांचा जीव शांत झाला.

पदवीच्या नावाचा प्रश्नही येथेच आला. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील पदव्युत्तर पदवी मागितली जाते. ज्यांचा डोळा त्या सेवेवर किंवा महाविद्यालयातील अध्यापनावर आहे, त्यांनी पदवीपत्रावर नेमके कोणते शब्द येणार हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे. माझे लक्ष संशोधनाकडे आणि ग्रामसभांच्या कामाकडे असल्याने हा मुद्दा मी बाजूला ठेवू शकले.

शेवटी पुणे आणि चेन्नई यांच्यात निवड करायची होती. गोखले संस्थेबद्दल मला आजही ओढ आहे. ती १९३० साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांना झालेले प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ गावोगावच्या पाहणीतून मोजले. तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ कसा मोजावा, हे आपल्याच मातीत इतक्या आधी केले गेले होते, हे कळल्यावर गोसीखुर्दसाठी असे काम कोणीतरी करायलाच हवे असे वाटले. धनंजयरावांचे चिरंजीव, परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे याच विदर्भातील गावांबरोबर वनव्यवस्थापनाचे काम केले, हा दुवाही मला फार जवळचा वाटला.

मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मात्र पर्यावरण अर्थशास्त्राचा स्वतंत्र एम.ए. आहे. ही संस्था १९९३ साली स्थापन झाली आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिला या विषयाचे उत्कृष्टता केंद्र केले. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, गणिती पद्धती, संख्याशास्त्र, अर्थमिती हा पाया तिथे आधी होतो आणि त्यावर पर्यावरणाचे विषय येतात. मला हवा असलेला विषय त्या वर्षीच्या ऐच्छिकांच्या यादीवर अवलंबून राहणार नव्हता, आणि हेच कारण निर्णायक ठरले. बाबांचे म्हणणे वेगळे होते. "पुन्यात आपली भाषा त चालते. मद्रासले कोन हाये आपलं?" असे ते म्हणाले. मी त्यांना रेल्वेचा मार्ग दाखवला. नागभीडहून गोंदिया मार्गावरच्या गाडीने बल्लारशाह गाठले की तिथून चेन्नईची गाडी थेट मिळते, आणि पुण्यालाही रात्रभराचा प्रवास होतोच. आईने खर्चाचा तक्ता दोनदा माझ्याकडून वाचून घेतला, वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी केली आणि मग होकार दिला.

चेन्नईला आल्यावर माझ्या एका शंकेला चर्चेची जागा मिळाली, ती मुद्दाम नोंदवते. निसर्गाच्या सेवांची किंमत काढताना 'हे जंगल राखण्यासाठी तुम्ही किती रुपये द्याल' असे लोकांना विचारण्याची एक रूढ पद्धत आहे. ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकाला हा प्रश्न विचारणे ठीक आहे. आमच्या गावात रोवणीच्या दिवसांत घरात रोख पैसा जवळपास नसतो, आणि त्या वेळी बाईने 'दहा रुपये' असे उत्तर दिले तर जंगलाची किंमत दहा रुपये ठरते. हे मला अन्यायाचे वाटते. किती दिवसांची मजुरी, गस्तीच्या किती पाळ्या किंवा किती पायल्या धान द्याल असे विचारले, तर उत्तर माणसाच्या खऱ्या कुवतीच्या जवळ येते. श्रमाच्या स्वरूपात मूल्य विचारण्याचे प्रयत्न इतर देशांत झालेले आहेत, आणि माझ्या प्रबंधाचा एक भाग यावरच असणार आहे. दुसरा भाग तेंदूचा: खुटकटाई आणि वणवा न करता मिळणारी पाने, त्यांना मिळणारा दर आणि वाचणारी मोहाची रोपे, यांचा वेगवेगळ्या वटाव दरांनी केलेला तुलनात्मक हिशेब.

त्यासाठी ग्रामसभेच्या नोंदवह्या वापरण्याची परवानगी हवी होती. त्या वह्या मी स्वतः लिहिल्या असल्या तरी त्या गावाच्या मालकीच्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रीतसर अर्ज दिला आणि तो ग्रामसभेत वाचला गेला. कुटुंबांची नावे प्रबंधात येऊ नयेत, ठेकेदारांच्या दरांची माहिती पुढच्या लिलावाआधी बाहेर जाऊ नये, आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत मांडावेत, अशा तीन अटी लोकांनी घातल्या. एका आजोबांनी चौथी अट जोडली: "शिकून आली का इथंच सांगजो, पर आपल्या भाषेत सांगजो." ठराव चारही अटींसह लिहिला गेला, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मी प्रबंधाच्या प्रस्तावाला जोडली आहे.